सोमवारची मशीन

आमच्या घरात एक गोष्ट पन्नास वर्षांपासून सांगितली जाते आणि ती खोटी आहे. गोष्ट अशी, की माझ्या बायकोने लग्नानंतर दोन-चार वर्षांतच घरातल्या नव्या शिलाई मशीनमध्ये रॉकेल घालून ती बंद पाडली. माझ्या मुलांनी ती माझ्या आईकडून ऐकली, नातवंडांनी मुलांकडून. विहिरीवर मोटार बसली तेव्हा ती सांगितली गेली, मिक्सर आला तेव्हा सांगितली गेली, गॅसची शेगडी आली तेव्हा तर सुनेने शेगडीच्या बटनांवर हात ठेवून हसत हसत सांगितली. बायको कधी सगळ्यांबरोबर हसायची, कधी उठून आत जायची. मी प्रत्येक वेळी तिथेच बसलेला असायचो. गोष्ट खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण ती पहिल्यांदा मीच सांगितली.

आमचं गाव चुडाव्याच्या स्टेशनापासून दीड-दोन कोसांवर. तेव्हा निझामाचं राज्य होतं. मी उर्दू शाळेत चार-पाच वर्षं काढून शेतीला लागलो होतो, पण मन शेतीपेक्षा चाकं, स्क्रू, पट्टे यांत जास्त रमायचं. पोलीस पाटलाचं बंद पडलेलं घड्याळ मी खोलून पुन्हा चालू केलं होतं. त्यात एक बारीक चकती उरली होती, ती मी खिशात घातली आणि कोणाला सांगितलं नाही. घड्याळ चाललं, माझं नाव झालं. त्यानंतर गावात कुलूप अडकलं, कंदिलाची वात वर-खाली होईना, विहिरीचं रहाट कुरकुरू लागलं, की लोक मला बोलवायचे. मला ते फार आवडायचं. माणसाला एखाद्या गोष्टीतला जाणकार म्हणून ओळखलं गेलं, की ती गोष्ट आपल्याला येत नाही हे तो स्वतःलाही सांगू शकत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

जगातली दुसरी मोठी लढाई पेटायच्या थोडं आधी मी परभणीच्या एका दुकानदारामार्फत मुंबईहून हाताने चालवायची शिलाई मशीन मागवली. माझी बायको गंगाखेडकडची. ती त्याच वर्षी नांदायला आली होती आणि माहेरी सुईदोऱ्यात तिचा हात फार चांगला होता. मशीन तिच्यासाठी आणली असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मशीन मी माझ्यासाठी आणली होती.

स्टेशनावर करोडगिरीच्या शिपायाने, म्हणजे राज्याबाहेरून येणाऱ्या मालावरची जकात पाहणाऱ्या माणसाने, खोकं फोडून आत हात घातला. त्याला वाटलं, एवढं जड म्हणजे काहीतरी हत्यार असणार. त्याने हँडल फिरवून पाहिलं, सुई वर-खाली झाली, तेव्हा तो एकदम मागे सरला. मी हसलो. तरी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच किडा, याने खोक्यातून काही काढून तर घेतलं नसेल? खोक्यात एक इंग्रजी पुस्तक आणि तेलाची एक लहान बाटली होती. मला इंग्रजी येत नव्हतं. पुस्तकात मशीनचं चित्र होतं आणि ठिकठिकाणी बाण होते. बाणांच्या टोकाशी बारीक भोकं. तिथे तेल सोडायचं, एवढं मला चित्रावरून कळलं.

आईला ती मशीन पहिल्या दिवसापासून खटकली. ती वाईट बाई नव्हती. वडील गेल्यानंतर तिने घर, शेत, गुरं सगळं एकटीने सांभाळलं होतं, आणि तिला न विचारता घरात आलेल्या वस्तूकडे ती फार दिवस तिरक्या नजरेने बघायची. आम्ही वीरशैव. आमच्याकडे सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो महादेवाचा आणि नंदीचा वार. पहिल्याच सोमवारी मी मशीन ओसरीवर मांडली तेव्हा आई समोर येऊन उभी राहिली.

"आज सोमवार हाय."

"आई, हे लोखंड हाय. ह्याला कसला सोमवार?"

"नांगराचा फाळ बी लोखंडाचाच हाय. तो चालवतूस का आज?"

मशीनवर लाकडी झाकण बसलं, ते मंगळवारपर्यंत. पुढे तो नेमच झाला. सोमवारी बैल मोकळे, मशीन मोकळी, मीही मोकळा. मी सकाळी भाकरी खाऊन पायी चुडाव्याला जायचो आणि दिवसभर स्टेशनावर इंजिनं बघत बसायचो. आई माझ्या धाकट्या बहिणीला घेऊन महादेवाच्या देवळात जायची, ती दुपार कलल्यावर यायची. घरी बायको एकटी.

बाकीच्या दिवशी आम्ही दोघं मिळून शिवायचो. म्हणजे कसं, तर हँडल मी फिरवायचो आणि कापड ती सरकवायची. खरं तर ती मशीन एकट्या माणसाने चालवायची होती, उजव्या हाताने हँडल आणि डाव्याने कापड. पण मला हँडल सोडवत नव्हतं. तिने एकदोनदा हात पुढे केला होता. मी म्हटलं, "तुला वेग सांभाळायचा न्हाई. दोरा तुटंल." शेजारच्या बायका चोळ्या घेऊन यायला लागल्या. चोळी कापायची ती, आखायची ती, माप घ्यायची ती. हँडल मी फिरवायचो आणि बायका जाताना म्हणायच्या, काय हुशार नवरा मिळाला गं बाई.

एकदा ती म्हणाली, "शिंप्याच्या घरी शिंपीण एकटीच चालवती म्हणं हातमिशीन."

"तिचा नवरा आळशी असंल."

ती हसली. मग म्हणाली, "दिवाळीपस्तोर तरी मला शिकवा. दोन्ही हातांनी."

मी दिवाळीचं कबूल केलं. तिच्यासाठी ती नुसती बोलण्याची गोष्ट नव्हती. सासरी येऊन तिला घरात अजून तिची अशी एकही जागा मिळाली नव्हती. चूल आईची, दूधदुभतं आईचं, कोठीची किल्ली आईच्या कमरेला. ही मशीन तेवढी तिची झाली असती. हे मला तेव्हाही दिसत होतं.

बाटलीतलं तेल संपलं. तोवर लढाई भडकली होती आणि परभणीत मशीनचं तेल कुठेच मिळेना. मी घरातलं करडईचं तेल बाटलीत भरलं. आमच्याकडे करडई मुबलक, तेल घाण्यावरून ताजं यायचं, पिवळंधमक आणि पातळ. तेल म्हणजे तेल, असा माझा हिशोब. मी बाणाच्या प्रत्येक भोकात भरपूर सोडलं. सोमवारी मशीन बसून राहायची म्हणून रविवारी संध्याकाळी तर जरा जास्तच पाजायचो, बैलाला सणाच्या आदल्या दिवशी पाजावं तसं.

आणि मशीन मंगळवारी जड चालायला लागली.

आधी मला भास वाटला. पण दुसऱ्या मंगळवारीही तेच, तिसऱ्याही. शनिवार-रविवारी बरी असणारी मशीन मंगळवारी सकाळी अशी फिरायची, की चिखलातून चाक ओढतोय. मी मनाशी ताडलं, सोमवारी काहीतरी होतंय. सोमवारी मी घरात नसतो. म्हणजे कोणीतरी काहीतरी करतंय.

पहिला संशय शिंप्यावर आला. आमच्या मशीनमुळे त्याची गिऱ्हाइकं कमी झाली होती आणि एकदा येऊन तो बराच वेळ मशीनखाली बोट घालून बघत बसला होता. पण सोमवारी तो पूर्णेला असायचा, हे मी तिघांना विचारून खात्री करून घेतलं. मग आईवर संशय आला. तिने करडईची मूठ ओवाळून टाकली असेल, किंवा आत राख घातली असेल. मी बाटली उन्हाला धरून तेलात काही दिसतं का ते पाहिलं. तेल स्वच्छ होतं. तेलावर मात्र मला एकदाही संशय आला नाही.

याच दिवसांत एकदा बायको कापड धरून बसली होती आणि मी हँडलशी झटत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "अवो, एक बोलू का? हे तेल बदला."

"का? काय झालं तेलाला?"

"कढईच्या काठाला करडईचं तेल लागून राहिलं तर चार दिवसांनी नखानं निघत न्हाई. राखेनं घासावं लागतं. मिशीनीत तर हात बी जात न्हाई."

"कढई आन् मिशीन एकच का?"

"न्हाई. पर तेल तर एकच हाय."

"तू कापड सरळ धर," मी म्हणालो.

आठ-दहा दिवसांनी तिने पुन्हा एकदा सांगितलं. त्या वेळी मी उत्तरही दिलं नाही. रोज भांडी घासणारीला जे दिसतं ते घड्याळ खोलणाऱ्याला दिसत नाही, असं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग एक विचित्र गोष्ट झाली. मशीन सुधारली. त्या मंगळवारी ती लोण्यासारखी फिरली. पुढच्या मंगळवारीही तसंच. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. मला मशीन बिघडली तेव्हा जेवढा संशय आला होता त्याहून जास्त संशय ती सुधारल्यावर आला. आपण काही केलं नाही, मग सुधारली कशी? मशीनला हात लावणारं कोणीतरी घरात आहे, हे आता नक्की झालं.

मी पाळत ठेवली. रविवारी संध्याकाळी बैलाच्या शेपटीचा एक लांब केस घेतला आणि मेणाच्या दोन ठिपक्यांनी तो चाकापासून मशीनच्या अंगापर्यंत चिकटवला. चाक जरा फिरलं तर केस सुटणार. वर झाकण घातलं. सोमवारी स्टेशनावर गेलो, पण इंजिनांत मन लागलं नाही. परत येऊन झाकण उचललं तर केस खाली पडलेला होता.

जेवताना मी विचारलं, "आज कोणी आलं होतं का घरी?"

"कोण येणार?" बायको म्हणाली.

"सहज विचारलं."

ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, थापण्याचा आवाज जरा जोरात झाला. संशय आला की माणसाला भाकरीच्या आवाजातही काहीतरी ऐकू येतं.

मला ठाऊक नव्हतं, पण त्याच वेळी घरात आणखी एक पाळत चालू होती. लढाईमुळे रॉकेल मोजून मिळायचं आणि आईला वाटत होतं, बाटलीतलं रॉकेल कमी होतंय. तिने बाटलीवर चुन्याची रेघ मारून ठेवली होती. म्हणजे एकाच घरात मी केस लावत होतो, आई रेघ मारत होती, आणि आम्ही एकमेकांना काही सांगत नव्हतो. रेघ आणि रॉकेल यांत दोन बोटांचं अंतर पडल्यावर आईने बाटली उचलली आणि आपल्या खोलीत कडीकुलपात ठेवली. कोणाला काही बोलली नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांत मशीन पुन्हा जड झाली. चौथ्या आठवड्यात, ऐन उन्हाळ्यात, शेजारणीची चोळी सुईखाली असताना ती थांबली. मी जोर लावला. बायको म्हणाली, "नका, राहू द्या." मी दोन्ही हातांनी हँडल खाली दाबलं. आत कटकन काहीतरी तुटलं. चोळी सुईत तशीच अडकलेली.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सोमवारी ह्या मिशीनीला कोण हात लावतंय?"

आई आतून आली. शेजारीण ओट्यावर बसली होती, तीही आत डोकावली. मग आई म्हणाली, "राकेल बी कमी हुतंय. म्या कुलपात ठिवलं तवा कुठं थांबलं."

माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एका क्षणात जुळल्या. मी बायकोकडे वळलो आणि जे बोललो ते आई बोलली असं मी पुढे मुलांना सांगत आलो. ते आई बोलली नाही. मीच बोललो.

"लिंग हातावर घे."

आमच्यात गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बोललेल्या शब्दापुढे दुसरा पुरावा लागत नाही. भाऊबंदांच्या बांधावरच्या भांडणात म्हातारे माणसांना असं बोलायला लावायचे, तेही क्वचित. एका शिलाई मशीनसाठी, घरातल्या ओसरीवर, शेजारणीसमोर, आपल्याच बायकोला असं कोणी लावत नाही. तिने एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिलं. मग पदर सावरून गळ्यातलं लिंग काढलं आणि डाव्या तळहातावर घेतलं.

"सोमवारी मिशीनीला हात लावलास का?"

"लावला."

"काय केलंस?"

"पुसली."

"कशानं?"

"रॉकेलानं. फडक्यानं."

शेजारीण "अगं आई" म्हणाली. आईने कपाळाला हात लावला. "मिशीनीत राकेल? आगं, तेल घालायच्या जागी राकेल घातलंस? आन् तेबी लढाईच्या दिसात?"

"आत्याबाई, तेल घट्ट झालं हुतं म्हणून..."

"पुरे," मी म्हणालो.

ज्याचं उत्तर हवं होतं तेवढंच मी विचारलं होतं. पुढचं ऐकायचं नव्हतं. तिने लिंग पुन्हा गळ्यात घातलं आणि अडकलेली चोळी सुईतून सोडवायला बसली. दोऱ्याचा एकेक टाका नखाने उचलून तिने ती न फाडता काढली आणि शेजारणीला दिली. "हातानं शिवून देते," म्हणाली.

दोन दिवसांनी मी मशीन पोत्यात गुंडाळून बैलगाडीने चुडाव्याला नेली आणि आगगाडीने परभणीला. तिथे एक म्हातारा मिस्त्री होता, मशीन, घड्याळं, ग्रामोफोन, सगळं दुरुस्त करायचा. त्याने खालची पट्टी काढली, नखाने एका दांड्यावर ओरखडा काढला आणि ते नख माझ्या डोळ्यांसमोर धरलं. नखात लाखेसारखं तपकिरी काहीतरी होतं.

"ये खाने का तेल कौन पिलाया?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "मशीनचं तेल मिळत नव्हतं."

"करडी का है. सूख को गोंद बनता. लकडी पे रोगन लगाते ना, वैसाच." मग आणखी बारकाईने बघून तो म्हणाला, "बीच में कोई मिट्टी के तेल से धोया इसको. जो बी धोया, उसको अक्कल है. उसीच से इत्ते दिन चली."

आणि मग त्याने एक पसरट थाळी घेतली, तिच्यात रॉकेल ओतलं आणि आमच्या मशीनचे सगळे सुटे भाग त्यात बुडवले. मी त्या थाळीकडे बघत उभा राहिलो. दुकानभर तोच वास, जो माझ्या बायकोच्या हाताला सोमवारी संध्याकाळी यायचा आणि मला वाटायचं, कंदील पुसला असेल.

तुटलेली खीळ त्याने नवी घातली. त्याच्याकडे खऱ्या तेलाचा थोडा साठा होता, त्यातली एक बाटली दिली. गाडीत बसल्यावर मी घरी काय सांगायचं ते ठरवत होतो. खरं सांगतो, पूर्णेपर्यंत मी खरंच सांगणार होतो. शब्दही जुळवले होते. पण पूर्णा मागे पडली तसतसं मला आमच्या ओसरीवरची माणसं दिसायला लागली. घड्याळ दुरुस्त करणारा मी, कुलपं उघडणारा मी, आणि मीच मशीनला खायचं तेल पाजलं, मीच हँडल दाबून खीळ तोडली. एवढंच असतं तर कदाचित सांगितलंही असतं. पण मी तिला लिंग हातावर घ्यायला लावलं होतं. ते परत कसं घ्यायचं?

चुडाव्याला उतरलो आणि बैलगाडी जुंपून घरी आलो. गाडी दारात थांबली तेव्हा बायको बाहेर आली, आई तिच्या मागे. बायकोने मशीन उतरवायला हात लावला नाही. नुसतं विचारलं, "काय म्हणला मिस्त्री?"

"रॉकेलानं खाल्ली म्हणला," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. फार वेळ नाही. मग ती बैलांपुढे वैरण टाकायला गेली.

गोष्ट अशी सुरू झाली. दिवाळी आली आणि गेली. हँडल तिच्या हातात देण्याचा विषय निघाला नाही, कारण आता तो निघणं शक्यच नव्हतं. बायकांनी चोळ्या आणणं बंद केलं. वर्षभरात धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तिच्याबरोबर मी मशीन देऊन टाकली. ती घरात दिसली की मला जेवण जात नव्हतं. लोक म्हणाले, बहिणीवर किती माया. पुढे काही वर्षांनी, राज्य उलटायच्या आधी, सगळ्या मुलखात माणूस माणसाकडे संशयाने बघायला लागला. कोण कोणाकडे जातो, कोणाच्या घरात काय आहे, कोण कोणाला काय सांगतो. गावातली शहाणी माणसंही म्हणायची, असं कधी पाहिलं नव्हतं. मी ते माझ्याच ओसरीवर पाहिलं होतं.

बायकोने मुलांचे कपडे हाताने शिवले, नातवंडांची झबली हाताने शिवली. डोळ्यांना सुईचं नेढं दिसेनासं झालं तोवर शिवत राहिली. आणि घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या वेळी कोणीतरी म्हणायचं, तिला हात लावू देऊ नका. हे नुसतं थट्टेचं राहिलं नाही. मोटारीचं बटन दाबायला घरात कोणी नसलं तर ती घागर घेऊन गावच्या आडावर जायची. बटन दाराच्या शेजारीच होतं. मी एकदा शेतातून लवकर परतलो तेव्हा तिला वाटेत घागर घेऊन येताना पाहिलं. म्हटलं, "बटन दाबायचं की." ती म्हणाली, "बिघडलं तर?" तिने टोमणा मारला नव्हता. ती खरोखर घाबरत होती. एवढ्या वर्षांत तिलाही ते खरं वाटायला लागलं असेल का, या विचाराने मी त्या दिवशी फार अस्वस्थ झालो. तरी बोललो नाही.

यंदा नातीने विजेवर चालणारी शिलाई मशीन आणली. सगळे भोवती जमले. बायको कौतुकाने पुढे झाली, तिने मशीनच्या गुळगुळीत अंगावर बोटं ठेवली आणि थोरली सून म्हणाली, "आत्याबाई, राकेल न्हाई ना हाताला?" सगळे हसले. बायकोही हसली आणि तिने बोटं काढून घेतली.

त्या वेळी मी बोललो. सगळं सांगितलं, करडईचं तेल, मिस्त्री, रॉकेलची थाळी, माझं खोटं.

कोणी विश्वास ठेवला नाही.

थोरला मुलगा म्हणाला, "दादा, आता म्हातारपणी आईला वाचवायलात का?" नात म्हणाली, "आजोबा किती गोड हायत." मुलगा पुढे म्हणाला, "आईनं तर लिंग हातावर घेऊन कबूल केलं होतं. आजी स्वतः सांगायची." माझ्याच प्रश्नाचा पुरावा माझ्या मुलाने माझ्यापुढे ठेवला. मी पुन्हा सांगू लागलो तर त्यांना वाटलं, मला वाईट वाटतंय म्हणून समजूत काढावी. चहा आला. विषय संपला.

म्हणून हे लिहून काढलं. बोललेलं थट्टेत जातं, लिहिलेलं कोणी तरी पुन्हा वाचेल. लिहून झाल्यावर काल दुपारी मी ते बायकोला वाचून दाखवलं, इथपर्यंतचं सगळं. ती खाटेवर बसून ऐकत होती. मी मिस्त्रीपर्यंत आलो तेव्हा ती म्हणाली, "ते मला ठाऊक हुतं."

"काय ठाऊक हुतं?"

"तुमी खोटं बोललात ते. परभणीहून आलात तवा पिशवीत तेलाची नवी बाटली हुती. त्या दिवसापून करडईचं तेल एकदा बी घातलं न्हाई. रॉकेलानं खाल्ली म्हणल्यावर तेल कशाला बदलायचं?"

मी कागद खाली ठेवले. "मग बोलली का न्हाईस?"

"लिंग हातावर घेऊन बोलले तवा काय ऐकलंत?"

तिने पाय खाटेवर वर घेतले. मग म्हणाली, "आन् अजून एक हुतं. तुमी इचारलं, हात लावला का. म्या खरं सांगितलं. इचारलं, कशानं पुसली. तेबी सांगितलं. भ्या एकच हुतं, की आता तुमी इचारणार, फिरवली का."

"फिरवली होतीस?"

"फिरवल्याबिगर कसं कळंल मोकळी झाली का न्हाई ते?"

"सोमवारी?"

"मग कवा? बाकीच्या वारी हँडल तुमच्या हातात हुतं." तिने भिंतीकडे पाहिलं. "आत्याबाईंला कळलं असतं, सोमवारी मिशीन चालवली म्हणून, तर मला म्हायेरीच लावून दिलं असतं. म्हणून तुमी राकेल राकेल म्हणलात ते म्या चालू दिलं. तेवढ्यावर भागलं म्हणलं."

मी विचारलं, "काय शिवायचीस?"

"काय न्हाई. फाटक्या धडप्यावर शिवण घालायची. या टोकापून त्या टोकापस्तोर. दोन्ही हातांनी, एकटीनं. मग तुमी यायच्या आत सगळी उसवून टाकायची आन् दोरा चुलीत घालायची." तिचे हात मांडीवर होते. उजवी मूठ किंचित वळलेली होती. "एकदा एका धडप्यावर सात शिवणी घातल्या, एकीला लागून एक. उसवायला जीव झाला न्हाई. पर उसवल्या."

पन्नास वर्षं मी समजत होतो, की त्या घरात यंत्राचं वेड एकट्या मला होतं. मी खाली ठेवलेले कागद पुन्हा उचलले. मग विचारलं, "हे बी लिहू का? सोमवारचं?"

"आत्याबाई न्हाईत आता. लिवा," ती म्हणाली. "आन् शिवण सरळ हुती, तेबी लिवा."